उतारा नाही

जगातल्या एकूण ज्ञानानुसार जो उंदीर मेलेला असायला हवा होता, तो वेतवण्याच्या सागरी प्रयोगशाळेत टेबलावर बसून शेंगदाणा कुरतडत होता. डॉ. सुलक्षणा कुबल त्याच्याकडे बघत नव्हती. ती श्रीनिवास कारखानीस यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे आश्चर्य दिसेल अशी तिची अपेक्षा होती. दिसली ती फक्त काळजी.

"याला विष नक्की दिलं होतं?" कारखानीसांनी विचारलं. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते. इथल्या कशालाही हात लावणार नाही, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं.

"तुमच्यासमोरच दिलं."

"हो, पण विचारायला हवं. सवय आहे."

कारखानीस हे लोककोशाचे ज्येष्ठ पंच. ठाण्यातल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर कोश तपासायला घेतला. बायको नाही, मूलबाळ नाही, कुठल्या कंपनीचा समभाग नाही, इमारतीच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणीसुद्धा ते निनावी देत. अशा माणसाला शेजारीपाजारी बिचारा म्हणतात. कोश त्याला 'संबंधांक शून्य' म्हणे आणि मान देई.

लोककोश कोणीही लिहावा, कोणीही सुधारावा असा होता. पूर्वी तो माणसं वाचत. आता तो मुख्यतः यंत्रं वाचत होती. खोट्या माहितीने सगळीकडे उच्छाद मांडला, तेव्हा देशोदेशीच्या सरकारांनी मिळून प्रमाण कायदा केला. रुग्णालयातल्या निदानकाने, म्हणजे रोग ओळखून उपचार ठरवणाऱ्या यंत्राने, कोशात जे सिद्ध आहे तेवढंच करायचं. डॉक्टर अजून होते, पण मुख्यतः सह्या करायला.

सुलक्षणाने उंदराला उचलून पिंजऱ्यात ठेवलं. "पुन्हा सांगते. तापलेल्या समुद्रात एक सूक्ष्म शेवाळ वाढतं. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, ते खातात, त्यांच्या मांसात विष साठतं. शिंपविष. शिजवून ते मरत नाही, उलट उकळलेल्या पाण्यात उतरतं. माणसाच्या पोटात गेलं की आधी ओठ बधिर, मग जीभ, मग छातीचे स्नायू. श्वास थांबतो. नुसतं श्वासयंत्र लावलं तरी पुष्कळ जण तगतील. माझं औषध दिलं तर जवळजवळ सगळेच. पण निदानक श्वासयंत्र लावत नाही."

"कारण कोशातलं पहिलं वाक्य."

"शिंपविष, उतारा नाही. जिथे उतारा नाही तिथे श्वासयंत्र अडकवणं म्हणजे व्यर्थ उपचार. ते दुसऱ्या रुग्णाकडे जातं. याला वेदनाशामक देतात आणि पडदा ओढतात. मग झाडून सगळे मरतात आणि तो आकडा परत कोशात जातो." ती थांबली. "माझे बाबा त्या पडद्याआड गेले. माझी आई अजून खाडीत तिसऱ्या काढायला जाते. अख्खी वाडी जाते. दुसरं करणार काय?"

कारखानीसांनी खिशातून आपली पाण्याची बाटली काढून एक घोट घेतला. "मी त्या वाक्याचा इतिहास काढून आणलाय. ऐकून तुम्हाला राग येईल."

"राग आधीच आलाय. सांगा."

"आमच्या कोशात उतारा म्हणजे काय, माहीत आहे? तुम्ही एखादं विधान केलंत, तर ते जिथे छापलंय तिथला मजकूर खाली द्यायचा. तो उतारा. फार वर्षांपूर्वी कोणीतरी या लेखात लिहिलं की शिंपविषावर अमुक द्रव्याचा गुण येतो. आधार दिला नाही. एका संपादकाने नियमाप्रमाणे शेजारी शेरा मारला, 'उतारा नाही'. मुदत संपल्यावर झाडू आला. झाडू म्हणजे आमचं साफसफाईचं यंत्र. त्याने बिनआधाराचं वाक्य काढून टाकलं. शेरा मात्र राहिला, आणि वर सरकत सरकत शीर्षकाला जाऊन चिकटला."

पिंजऱ्यातला उंदीर पाणी पीत होता.

"निदानकाने मराठी वाचलं," कारखानीस म्हणाले. "विषाच्या लेखात उतारा म्हणजे विषावरचा उतारा, असाच अर्थ कोणीही घेईल. तुम्ही घेतलात, मीही घेतला होता. विष पहिल्यांदा इथे सापडलं, म्हणून मूळ लेख मराठीत. बाकी भाषांतले लेख यंत्राने याच्यावरून केले. तिकडे तर शंकेलाही जागा उरली नाही. त्यांच्याकडे या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत."

सुलक्षणाला हसू आलं आणि त्या हसण्याचीच तिला शिसारी आली. तिचे बाबा म्हणजे दर्यावर वाढलेला, दोन माणसांचं वल्हं एकट्याने मारणारा गडी. ते एका न पुसलेल्या शेऱ्यापायी गेले होते.

"मग पुसा तो शेरा."

"पुसला. झाडूने परत आणला. मधल्या काळात तीन नामांकित संशोधनपत्रिकांनी या विषावर उतारा नसल्याचं छापलंय. कोशावरूनच घेतलं, पण छापलं. त्यामुळे 'उतारा नाही' या वाक्याला आता उतारा आहे."

"आणि माझं औषध?"

"ते तुम्ही शोधलंत. तुमचा हितसंबंध."

"वाडीतली माणसं वाचलीत त्याने. त्यांना विचारा."

"लाभार्थी. त्यांचाही हितसंबंध. शिवाय निदानकाच्या लेखी त्यांना शिंपविष बाधलंच नव्हतं. शिंपविषातून माणूस वाचत नाही, हे वाचले, तेव्हा ते शिंपविष नव्हतं. कागदावर त्यांना तिसऱ्यांचं वावडं आहे."

"म्हणजे साक्ष द्यायला पात्र कोण, तर मेलेले?"

"मेलेले. आणि ज्यांना काही पडलेली नाही असे."

हे बोलताना कारखानीसांचा आवाज जरा खाली आला. तो नियम त्यांनीच लिहिला होता. एका औषध कंपनीने पगारी माणसं बसवून आपल्याच खोकल्याच्या औषधावरचा लेख लिहवून घेतला होता. लेख सुरेख होता, शुद्धलेखनाची एक चूक सापडली नसती. मुलं दगावल्यावर कळलं की लिहिणारे सगळे एकाच ताटात जेवणारे होते. त्यानंतर कारखानीसांनी अलिप्ततेचा नियम मांडला आणि जगाने तो डोक्यावर घेतला. कोणाचं मीठ खाल्लंय हे आधी बघायचं आणि मग त्याचं म्हणणं ऐकायचं. यात गैर काय आहे, असं ते सुलक्षणाला विचारत होते. नियम चांगला होता, हीच तर पंचाईत होती.

"एकच वाट दिसते," ते म्हणाले. "अलिप्त माणसाने डोळ्यांनी बघायचं आणि लिहायचं. निरीक्षणपत्रिका असे अहवाल छापते. छापून आला की तो उतारा. त्याच्या जोरावर ते वाक्य बदलता येईल. अट एवढीच, की अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत लिहिणाऱ्याचा संबंधांक शून्य राहिला पाहिजे." त्यांनी मनगटावरची नाडीपट्टी दाखवली. "ही सगळं नोंदवते. लपवाछपवी चालत नाही. चालली तरी मी केली नसती."

"तुम्ही थांबाल इथे?"

"स्वखर्चाने," कारखानीस म्हणाले.

---

कारखानीसांचा मुक्काम म्हणजे सुलक्षणाच्या आईला, भागीरथीबाईंना, एक मोठा अपमानच वाटला. हा माणूस रोज त्यांच्या अंगणात येऊन बसायचा, वाडीत कोणी आजारी पडतंय का याची वाट बघायचा आणि घोटभर पाणीही घ्यायचा नाही. खुर्चीवर बसायचा तोसुद्धा स्वतःचा रुमाल अंथरून.

"मास्तरांनू, वायच च्या तरी घेवा," त्या रोज म्हणायच्या. कारखानीस कधीच मास्तर नव्हते, पण चष्मा आणि तिरसटपणा एवढ्यावर त्यांनी ते ठरवून टाकलं होतं.

"नको, बाई. तुमच्या भल्यासाठीच नको म्हणतोय."

"घरात इलेल्या माणसान पाणीपण घेवचा नाय, ह्यात कोणाचा भला होता?"

त्यांना कोश समजावून सांगायचा प्रयत्न कारखानीसांनी एकदा केला. भागीरथीबाईंनी तिसऱ्या निवडता निवडता सगळं नीट ऐकून घेतलं. या घरातल्या तिसऱ्या सुलक्षणा आधी प्रयोगशाळेत तपासत असे, मगच त्या चुलीवर चढत. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे जेका आमची कळकळ, तेना गप ऱ्हवचा. आणि जेका आमची कळकळ नाय, तेना आमच्याबद्दल लिवचा."

"तसंच काहीतरी," कारखानीस म्हणाले, आणि त्या दिवशी ते जरा लवकर उठून गेले.

शेवटी काशी खवणेकर पडली. शेवाळामुळे पाण्याला आलेला लालसर रंग ओसरून बरेच दिवस झाले होते, म्हणून तिने खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या काढल्या होत्या. विष रंगाबरोबर जात नाही, हे वाडीला ठाऊक होतं, पण पोटाला ते पटत नाही. तिच्या नवऱ्याने तिला हातगाडीवर घालून कुबलांच्या अंगणात आणलं. जीभ जड झाली होती, मान टाकली होती. कारखानीस दाराच्या चौकटीबाहेर उभे राहिले आणि त्यांनी सगळं पाहिलं. काशीच्या रक्ताची चाचणी पाहिली, सुई पाहिली, छाती हलायची थांबलेली पाहिली आणि पुन्हा हललेली पाहिली. काशीचा नवरा त्यांच्या पाया पडायला आला तेव्हा ते घाईघाईने मागे सरले, कारण कृतज्ञतासुद्धा संबंधांकात धरतात.

अहवाल त्यांनी मुद्रितशोधकाच्या पद्धतीने लिहिला. विशेषण एकही नाही. जे दिसलं ते, ज्या क्रमाने दिसलं त्या क्रमाने. सुलक्षणाने तो वाचायला मागितला, त्यांनी नकार दिला. पण पाठवून झाल्यावर ते पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसले.

"दोन-चार दिवसांत छापून येईल. मग तो शेरा मी माझ्या हाताने काढीन."

"मग येऊन जेवाल आमच्याकडे?"

"मग तुमच्या आईंनी वाढलेलं सगळं जेवीन," कारखानीस म्हणाले. सुलक्षणाला वाटलं, आता खरंच काहीतरी होणार. तिने आईला तसं सांगितलंही, आणि हे तिला पुढे फार लागून राहिलं.

---

दुसऱ्या दिवशी कारखानीस ठाण्याला निघाले. एसटीला अवकाश होता. भागीरथीबाईंनी भाकरी बांधून देऊ केली, ती त्यांनी अर्थातच घेतली नाही. स्टँडसमोरच्या खानावळीत ते रोजच्यासारखे स्वतःच्या पैशाने जेवले. "तिसऱ्या नकोत," असं मालकाला बजावून त्यांनी बांगडा आणि कालवण-भात मागवला. मालकाने तिसऱ्या दिल्या नाहीत. कालवणात मात्र तिसऱ्या उकळलेलं पाणी होतं. त्या किनाऱ्यावर कालवणाला चव आणायची ती तशीच, आणि पाण्याला कोणी तिसऱ्या म्हणत नाही.

एसटी यायच्या आत त्यांचे ओठ बधिर झाले. खानावळवाल्याने त्यांना रिक्षात घातलं आणि रुग्णालयाकडे न जाता सरळ कुबलांच्या अंगणात आणलं. वाडीत कोणाला हे सांगावं लागत नसे.

सुलक्षणा औषध भरून बाहेर आली. कारखानीसांना ओटीवर निजवलं होतं. त्यांनी हात वर केला. खूण स्पष्ट होती.

"नको," ते म्हणाले. जीभ वळत नव्हती. "अहवाल... छापायचाय अजून. मी... शून्य आहे."

"सर, वेळ नाही."

"दिलंत तर... लाभार्थी. रद्द." त्यांनी मोठ्या कष्टाने श्वास ओढला. "मेलो तर... शून्यच राहतो. छापतील."

सुलक्षणाला ते कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. हा माणूस आता गेला, तर त्याचा संबंधांक शून्यावर कायमचा गोठणार होता. अहवाल छापून येणार होता, वाक्य बदलणार होतं, जगभरच्या किनाऱ्यांवर निदानक श्वासयंत्रं लावणार होते. पुढच्या मोसमातली माणसं, त्याच्या पुढच्या मोसमातली माणसं. त्या सगळ्यांच्या बदल्यात हा एक, ज्याला पुढेमागे कोणी नाही आणि जो स्वतःच नको म्हणतोय. बाबांसाठी ती इतकी वर्षं ज्याच्या मागे धावली होती, ते हात न हलवता मिळत होतं. फक्त सुई धरून उभं राहायचं. तिचा हात खरोखरच थांबला.

"काय बघतंस?" भागीरथीबाई म्हणाल्या. त्यांनी कारखानीसांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "माणूस दारात मरता हा आणि तू हिशेब कसले करतंस?"

"आई, हे गेले तर पुढची सगळी..."

"पुढची खय आसत हय? हय ह्यो आसा. टोच."

सुलक्षणाने सुई टोचली. कारखानीसांनी ती टोचताना पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं होतं हे तिने पुढे कधी विचारलं नाही.

---

नाडीपट्टीने आपलं काम चोख केलं होतं. श्वास थांबल्याची वर्दी गेली, तसं रुग्णालयाचं वाहन निदानक घेऊन आलं. तोवर कारखानीस उशीला टेकून बसले होते. निदानकाने रक्त घेतलं, छाती तपासली, कोश पाहिला आणि निर्णय दिला: रुग्ण जिवंत आहे, सबब शिंपविष नाही, माशाचं वावडं. पुढचे काही दिवस बांगडा खाऊ नये.

पाठोपाठ निरीक्षणपत्रिकेचा प्रश्न आला. छपाईआधी विचारायचाच असतो तो, एका ओळीचा: अहवालात वर्णन केलेल्या उपायाचे आपण लाभार्थी आहात काय?

सुलक्षणाने तो त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि तिला एकदम उजेड दिसला. "सर, नाही म्हणा. खोटं बोलू नका, खरंच नाही म्हणा. निदानकच म्हणतोय ना, तुम्हाला शिंपविष बाधलं नाही? मग माझ्या औषधाचा तुम्हाला लाभ झालाच नाही. तुमचा संबंधांक शून्यच आहे."

कारखानीसांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. छापखान्यात एखादं मुद्रित परत परत वाचावं तसं.

"नाही म्हटलं," ते हळू म्हणाले, "तर मी मान्य केलं, की सुई टोचल्यावर जो वाचतो त्याला मुळात विष बाधलेलंच नसतं. मग काशीबाईंनाही बाधलं नव्हतं. मग माझ्या अहवालात उरतं काय? एका बाईला तिसऱ्यांचं वावडं होतं, एवढंच."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर मला विष बाधलं होतं, तुमच्या औषधाने मी वाचलो, आणि म्हणून माझा शब्द धरायचा नाही." त्यांनी चष्मा काढला. "डॉक्टर, नियमात चूक नाही हो. मी शोधतोय. कुठेही चूक नाही."

उजेड आला तसा गेला. ज्याने औषध घेतलं नाही त्याला ते लागू पडतं हे सांगता येत नव्हतं, आणि ज्याने घेतलं त्याने सांगितलेलं ऐकायचं नव्हतं. पाहणारा उरला होता एकच, तोही आज तिने वाचवून बाद केला होता. ठाण्याहून दुसरा कोणी शून्य माणूस आणता आला असता. पण त्यालाही इथे राहून जेवावंच लागलं असतं.

कारखानीसांनी 'होय' असं उत्तर दिलं. खोटं ते बोलणार नव्हतेच. मग त्यांनी कोश उघडला. शिंपविषाच्या लेखात त्यांनी अहवालाच्या भरवशावर आधीच एक वाक्य लिहून ठेवलं होतं: 'या विषावर वेतवणे येथे तयार केलेले औषध गुणकारी ठरते.' अहवाल रद्द झाल्यावर त्या वाक्याला आधार उरला नव्हता. ते तसंच सोडून देता आलं असतं. पण तीस वर्षं दुसऱ्यांची मुद्रितं तपासलेला माणूस स्वतःचं तसं कसं सोडेल? त्यांनी वाक्याशेजारी नियमाप्रमाणे शेरा मारला. उतारा नाही.

झाडू मुदत संपल्यावर आला. त्याने वाक्य काढलं. शेरा वर सरकला आणि शीर्षकाशी, जुन्या शेऱ्याला जाऊन चिकटला. कोशातला लेख आता असा सुरू होत होता: 'शिंपविष. उतारा नाही. उतारा नाही.' निदानकांनी ते वाचलं आणि बाकीच्या भाषांनी उचललं. त्या मोसमापासून रुग्णालयांत सूचना बदलली. पूर्वी शिंपविषाच्या रुग्णाला किमान आत तरी घेत. आता दोनदा निश्चित झालं असल्यामुळे दारातूनच परत पाठवू लागले.

ती सूचना सुलक्षणाने आईला वाचून दाखवली, तेव्हा कारखानीस अंगणातच बसले होते. ते ठाण्याला परत गेले नव्हते. पंचपद त्यांनी सोडलं होतं. ज्याला वेतवण्याची कळकळ आहे, त्याला आता कोशात लिहिता येत नव्हतं. खुर्चीवर रुमालही अंथरलेला नव्हता.

भागीरथीबाईंनी सवयीने विचारलं, "मास्तरांनू, च्या घेतास?"

"घेतो," कारखानीस म्हणाले. "आता काही बिघडत नाही."